जाड रेघ

"ताणून धर," मी म्हणालो. "ढिली पडली की रेघ मधेच पोट काढते."

"सुतळी कशी धरायची ते मला शिकवू नकोस भावा," हर्षद म्हणाला. त्यानं सुतळीचं टोक गोलच्या खांबाशी अंगठ्यानं दाबून धरलं होतं. "सुताराचं पोरगं हाय मी. तू तुझा डबा हलव."

जानेवारीतली संध्याकाळ होती. साडेपाच वाजून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी नऊला मॅच होती. कोल्हापुरात आमच्या भागात दोन हायस्कुलं एकमेकांना लागून आहेत. एक उतारावर वर, एक खाली, आणि मधे दोघांचं मिळून एकच ग्राउंड. शाळांना लांबलचक नावं होती, पण ती फक्त गुणपत्रिकेवर. बोलताना सगळे 'वरची' आणि 'खालची' एवढंच म्हणत. मी खालच्या शाळेत नववीत होतो, हर्षद सुतार वरच्या शाळेत नववीत. तो त्यांचा गोलकीपर, मी आमचा फॉरवर्ड.

दर वर्षी जानेवारीत या दोन शाळांची एक मॅच होई. कप वगैरे काही नसे. जिंकलेली पोरं वर्षभर हरलेल्यांना रस्त्यात गाठून चिडवत, एवढंच बक्षीस. आणि एक रिवाज होता. आदल्या वर्षी हरलेल्या शाळेनं ग्राउंडवर रेघा मारायच्या आणि जिंकलेल्या शाळेच्या एकानं येऊन सुतळी धरायची. हरलेल्यानं कमरेत वाकायचं, जिंकलेल्यानं बघत राहायचं. सुतळी धरायला आलेला टोमणे मारणार, हेही त्यात धरलेलंच होतं.

"नीट दिसंल अशी मार," हर्षद म्हणाला. "गेल्या वर्षी रेघ दिसली न्हाई म्हणून रडत हुतास न्हवं?"

"रडलो नव्हतो."

"तुझ्या शाळेचा रुमाल अजून वाळला नसंल."

गेल्या वर्षी माझं हेडर गोलरेषेच्या आत पडलं होतं. मी तिथून चार फुटांवर होतो आणि चेंडू पूर्ण आत गेलेला मी पाहिला होता. हर्षदनं तो आतून ओढून बाहेर काढला. पंचांनी येऊन जमिनीकडं पाहिलं, तर तिथं रेघच उरली नव्हती, बुटांनी सगळी पुसून गेली होती. गोल दिला नाही. पुढं शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी एक मारला आणि आम्ही हरलो. वर्षभर मला शाळेच्या वाटेवर 'रेघ दिसली का?' म्हणून हाका मारत होते. म्हणून या वर्षी रेघा मारायचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं. नियमांचं पुस्तकही मिळवून वाचलं होतं. रेघ जास्तीत जास्त बारा सेंटिमीटर रुंद असते. मी कंपासपेटीतली पट्टी खिशात घालून आलो होतो.

अडचण फक्कीची झाली. फक्की म्हणजे ग्राउंडवर मारायची पांढरी पूड. शाळेच्या अडगळीच्या खोलीत ती पाऊण पोतं होती. कडेच्या रेघा, मधलं वर्तुळ आणि पेनल्टीच्या चौकटी यांतच संपली. दोन्ही गोलरेषा राहिल्या. खोलीच्या कोपऱ्यात दिवाळीच्या सुट्टीत भिंतींना सफेदी केली तेव्हाचा उरलेला कळीचा चुना होता, तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यात. मी वरची ढेकळं बाजूला काढली आणि तळाची पूड डब्यात भरून आणली. पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली. हलवत चाललं की पूड पडते.

हर्षद वाकून बघायला लागला. "हे काय रं? फक्की न्हवं हे."

"चुना आहे. कळीचा. जास्त पांढरा दिसतो आणि वाऱ्यानं उडत नाही."

"चालतंय?"

"न चालायला काय झालं? थांब, तुला गंमत दाखवतो."

मी डब्यातला हरभऱ्याएवढा खडा निवडला, त्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, खडा त्यात ठेवून वर थोडंसं पाणी टाकलं. क्षणभर काही झालं नाही. हर्षद म्हणाला, "ह्यॅट." मग खडा चरचरला, त्याला तडा गेला आणि त्यातून वाफ निघायला लागली.

"खालून बोट लाव."

त्यानं बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. "आयला! पेटलं की हे!"

"कॅल्शियम ऑक्साइड. पाणी मिळालं की उष्णता बाहेर टाकतं."

"आणि पाणी न्हाई मिळालं तर?"

"कोरडा आहे तोवर गप्प असतो," मी म्हणालो. हे वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं.

त्यानं पुन्हा खाली वाकून त्या झाकणाकडं पाहिलं. खड्याचा पांढरा लगदा झाला होता. "तू लई डोकं हायस निग्या," तो म्हणाला. माझं आडनाव निगवेकर. "फुटबॉल कशाला खेळतोस तू?"

"तुला गोल मारायला."

"मार की. पुढल्या आठवड्यात मी पुण्याला चाललोय. राज्याच्या टीमची निवड हाय. त्याच्या आदी एक बी गोल खायचा न्हाई असं ठरवलंय मी." त्यानं सुतळी पुन्हा ताणली. "निवड झाली तर बा म्हणतोय खेळ. न्हाई झाली तर दहावीनंतर रंधा. मला रंधा नको वाटतोय रं. दिवसभर एक डोळा मिटून फळी सरळ हाय का बघायचं."

आम्ही दोन्ही गोलरेषा मारल्या. मी दर मीटरवर पट्टी लावून पाहिली. बारा सेंटिमीटर, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. हर्षद खांबाशी उकिडवा बसला आणि डावा डोळा मिटून रेघेवरून पाहिलं.

"सरळ हाय," तो म्हणाला. "फक्कीवाले, पास."

सकाळी भिंतीवर पोरं बसली होती, वरच्या बाजूला वरची, खालच्या बाजूला खालची. वरची पोरं "फक्कीवाले, फक्कीवाले" ओरडत होती. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नाही. हर्षदनं माझे दोन शॉट अडवले. दुसऱ्या वेळी चेंडू छातीशी धरून उठताना हळूच म्हणाला, "हितं न्हाई जमायचं. पुण्याला ये, ततं मारून दाखव."

हाफटाइमला आमचे खेळाचे चौगले सर सगळ्यांना संत्र्याच्या फोडी देत होते. मी डबा घेऊन निघालो.

"निगवेकर, कुठं चाललास? बस आधी."

"सर, गोलरेषा पुसट झाली आहे."

"दिसतीय की रे."

"आत्ता दिसतीय. शेवटी दिसणार नाही."

सर हसले आणि त्यांनी जाऊ दिलं. मी दोन्ही गोलरेषांवर पुन्हा पूड टाकली. ज्या बाजूला आता हर्षद उभा राहणार होता, तिथं जास्त टाकली. गोल तिथं आम्हीच मारणार होतो आणि त्याबद्दल मला वाद नको होता. उरलेला डबा मी तिथंच रिकामा केला. रेघ बोटभर उंच झाली, एखाद्या छोट्या बांधासारखी.

गोल झाला तो दुसऱ्या हाफच्या तेराव्या मिनिटाला. आमच्या संकेतनं उजवीकडून चेंडू आत टाकला, मला तो गुडघ्याच्या उंचीवर मिळाला आणि मी डाव्या पायानं खाली मारला, लांबच्या खांबाकडं. हर्षद आडवा झेपावला. त्याची बोटं चेंडूला लागली. चेंडूचा वेग तुटला, पण तो थांबला नाही, त्याच्या काखेखालून सरकत आत गेला. हर्षद तोंडावर पडला आणि घसरला.

पंचांची शिट्टी वाजली. मी पळालो. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळालो, संकेत पाठीवर चढला, बाकीचे वर पडले. "हातभर आत होता रं! हातभर!" संकेत ओरडत होता. "रेघ दिसली का रं वरच्यांनो? दिसली का रेघ?" आमची अख्खी भिंत तेच ओरडायला लागली.

त्या गोंगाटाखालून एक वेगळा आवाज येत होता. तो आधी कुणाला कळला नाही. ओरडणं नव्हतं ते. दात दाबून धरून माणूस जसा श्वास आत ओढतो तसं, पण मोठ्यानं, पुन्हा पुन्हा.

आम्ही मागं वळलो तेव्हा हर्षद गुडघ्यांवर होता. दोन्ही तळवे डोळ्यांवर. चेहऱ्याची डावी बाजू केसांपासून हनुवटीपर्यंत पांढरी झाली होती, सफेदी केल्यासारखी. रेघेत त्याच्या तोंडाचा खड्डा उमटला होता.

त्यांचे पोवार सर पाण्याचा जग घेऊन पळत आले. मोठा, पाच लिटरचा प्लॅस्टिकचा जग. त्यांनी हर्षदचं डोकं मागं केलं. "हात काढ बाळ. डोळा उघड, पाणी टाकतो."

मी तिथवर पोचलो होतो. जग तिरका होताना मी पाहिला.

"सर, पाणी नको!"

पोवार सर थांबले.

"फक्की नाही ती. कळीचा चुना आहे. पाणी लागलं की पेटतो. डोळा भाजेल त्याचा."

त्यांनी चौगले सरांकडं पाहिलं. "काय म्हणतोय हा?"

"विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यात पहिला आलाय तो," चौगले सर म्हणाले. "म्हणतोय तर बरोबर असेल."

"पण डोळ्यात कचरा गेला की पाणी मारायचं असतं हो. आम्ही आयुष्यभर..."

"कचरा नाही सर," मी म्हणालो. "चुना आहे."

पोवार सरांच्या हातातला जग तसाच तिरका होता. तेव्हा हर्षदनं डोळे न उघडता एक हात वर केला, चाचपडत जग शोधला आणि ढकलला.

"नको सर," तो म्हणाला. "पेटतंय ते. मी बघितलंय."

जग सरांच्या हातातून सुटला. पाणी रेघेवर सांडलं आणि रेघ चरचरली. सकाळच्या उन्हात तिच्यातून वाफ उठताना तिथल्या चाळीसएक लोकांनी पाहिली. भिंतीवरचा गोंगाट बंद झाला.

"बघा," मी म्हणालो.

मी माझा टी-शर्ट काढला, त्याच्या कोरड्या बाजूनं हर्षदच्या गालावरचा, कपाळावरचा, पापण्यांवरचा चुना हळूहळू झाडला. हे मी नीट केलं. चिंचेच्या झाडाखाली, आमच्यापासून वीस पावलांवर, ग्राउंडचा नळ होता. त्याची चावी गळकी होती, त्यामुळं तो कायम थेंब थेंब वाहत असे.

रिक्षा मिळायला वेळ लागला. पोवार सर मला म्हणाले, "तू चल बरोबर. डॉक्टरला नीट सांगता येईल तुला." हर्षद आमच्या दोघांच्या मधे बसला. तळवे डोळ्यांवर, कोपरं मांडीवर.

"निग्या."

"काय?"

"लई जळतंय रं."

"येईलच दवाखाना."

"थोडं पाणी लावून बघू काय? बोटानं?"

"नको. कोरडा राहू दे."

"बरं," तो म्हणाला.

चौकात सिग्नल लागला. पोवार सर हर्षदच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहत म्हणाले, "बरं झालं बाबा तू होतास. मी तर जग ओतलाच असता." मला बरं वाटलं. हे लिहायला हवं म्हणून लिहितो. मी रिक्षातून बाहेर बघत होतो, उघड्या अंगाला वारा लागत होता, आणि मला बरं वाटत होतं. गोलपेक्षाही जास्त.

सरकारी दवाखान्यात रविवारची गर्दी होती. पोवार सर केसपेपर काढायला रांगेत उभे राहिले आणि मी हर्षदचा दंड धरून त्याला आत नेलं. डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, एका म्हाताऱ्याच्या हाताला टाका घालत होत्या.

"काय झालं?"

"डोळ्यात चुना गेलाय मॅडम. कळीचा. कॅल्शियम ऑक्साइड."

सुई तशीच सोडून त्या उठल्या. "सिस्टर, याचा टाका बघा. सलाइन आणा, दोन-तीन बाटल्या आणा. याला टेबलावर घ्या." हर्षदला आडवा करेपर्यंत त्यांनी मला विचारलं, "किती वेळ झाला?"

मी पंचांचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांचा हिशोब केला. "चौतीस मिनिटं."

"पाण्यानं किती वेळ धुतला?"

"धुतला नाही."

त्या हातमोजा चढवत होत्या, तो मनगटावर थांबला. "म्हणजे? अजिबात नाही?"

"पाणी लागलं की तो पेटतो. म्हणून कोरडा ठेवला."

दुसऱ्या सिस्टरनं हर्षदची डावी पापणी वर उचलून धरली होती. आतून पाणी वाहत होतं, गालावरून कानात, कानातून टेबलावर. पांढरं, दुधासारखं पाणी. डॉक्टरांनी बाटलीची नळी डोळ्यावर सोडली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "डोळा कोरडा असतो का रे?"

मी त्या दुधासारख्या पाण्याकडं पाहिलं.

"पेटायचा तो पहिल्या क्षणाला पेटला. आत पाणी होतंच. राहिलेला तिथंच बसून आत मुरत गेला, चौतीस मिनिटं. तो बाहेर काढायचा होता. नळाखाली डोकं धरायचं होतं याचं, दुसरं काही नाही. तिथं नळ नव्हता?"

"होता."

"मग कुणी सांगितलं पाणी लावू नका म्हणून?"

हर्षद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या कानात पाणी साचलं होतं. तो ऐकत होता की नाही, मला माहीत नाही. माझी छाती उघडी होती आणि हातात चुन्यानं माखलेला टी-शर्ट होता.

"गर्दी होती," मी म्हणालो. "कुणीतरी म्हणालं."

"कुणीतरी," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी बाटली मागितली.

त्यांनी तास-दीड तास डोळा धुतला. मधे चिमट्यानं पापणीच्या आतून चुन्याचे कण काढले. प्रत्येक कण त्या एका ट्रेमध्ये ठेवत होत्या. मी ते मोजले. अकरा होते.

बारा वाजता हर्षदची आई आली, मागून वडील. वडिलांच्या शर्टाला भुसा होता. आई बाहेरच्या बाकाशी थांबली आणि पोवार सरांनी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याकडं आली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"सर म्हणालेत, तू हुतास म्हणून बरं," ती म्हणाली. "पाणी घातलं असतं तर दोनी डोळं गेलं असतं म्हणं. तुझं कसं फेडू रं बाळा?"

"काकू, मी..."

"काय खाल्लंस काय? उघडाच बसलायस." तिनं आपल्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. मी ती घरापर्यंत अंगावर ठेवली. दुसऱ्या दिवशी आमच्या आईनं ती धुऊन परत पाठवली.

उजवा डोळा वाचला. त्यात फारसं गेलं नव्हतं. डाव्या डोळ्याचं बुबुळ महिनाभरात पांढरं झालं, उकडलेल्या अंड्यासारखं. मिरजेला नेलं, पुण्याला नेलं. राज्याच्या निवडीसाठी त्याला ज्या गाडीनं जायचं होतं, त्याच गाडीनं वडील त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

मॅच तिथंच थांबवली होती. पण गोल झाला होता, रेघ स्पष्ट दिसत होती, पंचांना शंका नव्हती. एक-शून्य. आम्ही जिंकलो. हेडमास्तरांनी सोमवारी प्रार्थनेनंतर झालेल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, पुढच्या वर्षीपासून ग्राउंडवर फक्कीच वापरायची असं सांगितलं आणि मग प्रसंगावधान दाखवल्याबद्दल माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. शाळेच्या वाचनालयात प्रथमोपचाराचं एक पुस्तक होतं. मी ते त्याच दुपारी काढलं. रसायनांच्या पानावर चार ओळी होत्या. कोरडी पूड झाडून टाका, मग ताबडतोब भरपूर पाणी, निदान अर्धा तास. पहिलं अर्धं मी बरोबर केलं होतं.

पुढच्या जानेवारीत मी दहावीत होतो. चौगले सरांनी विचारलं, सुतळी धरायला कोण जाणार? कुणी हात वर केला नाही. "मी जातो," मी म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. रेघा मारायला त्यांच्याकडून कोण येईल याचा मी विचार केला नव्हता.

हर्षद आला. हातात डबा, खांद्यावर फक्कीचं पोतं. काळा चष्मा नव्हता. पांढरा डोळा तसाच उघडा.

"तू व्हय," तो म्हणाला. "धर."

आम्ही कडेच्या रेघा मारल्या, चौकटी मारल्या. तो खेळणं सोडून वडिलांच्या हाताखाली जायला लागला होता, शाळेनंतर रोज दोन तास. ते त्यानंच सांगितलं. "बा म्हणतोय, आपल्या कामात एकच डोळा लागतो," तो म्हणाला आणि हसला. मलाही हसावं लागलं. "खोटं हाय ते. एक मिटायला दुसरा लागतोच. खिळा ठोकताना अंतरच कळत न्हाई. बोट फुटतंय."

टोमणा त्यानं एकही मारला नाही. तसा तो मारायचा हक्क या वर्षी माझा होता.

शेवटची गोलरेषा राहिली. तोच गोल. मी खांबाशी सुतळी दाबून धरली, तिचं दुसरं टोक पलीकडच्या खांबाला बांधलेलं होतं. तो डबा हलवत निघाला. डावीकडचं त्याला दिसत नव्हतं आणि सुतळी डावीकडं होती. मधल्या भागात रेघ सुतळीपासून सुटली आणि हळूहळू उजवीकडं गेली. खांबाशी पोचता पोचता परत आली. मी ते बघत होतो.

तो पलीकडून माझ्याकडं वळला. "सरळ आली काय?"

"सरळ आहे," मी म्हणालो.

तो तिथंच उकिडवा बसला, डबा बाजूला ठेवला, हातावरची फक्की पँटला पुसली.

"एक इचारू?"

"विचार."

"पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ततल्या ततं पाणी मारलं असतं तर डोळा ऱ्हायला असता. आमच्या बाला सांगितलं त्यांनी. आईला अजून म्हाईत न्हाई, ती तुझंच नाव घेती." तो जमिनीकडं बघत होता. "त्या दिवशी पाणी नको म्हणून कोण म्हणालं रं? माझं डोळं मिटलेलं हुतं."

त्या दिवशी तिथं चाळीस माणसं होती. त्यातली निम्मी त्याच्याच शाळेतली. त्यानं त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. हे माझ्या लक्षात यायला पुढं बरेच दिवस जावे लागले.

"गर्दी होती," मी म्हणालो. "कुणीतरी म्हणालं."

"हां," हर्षद म्हणाला. "कुणीतरी."

तो उठला. डबा घेऊन खांबापासून रेघेच्या कडेनं चालत आला, मधे थांबला, गुडघ्यावर बसला. मग उजव्या हाताचा अंगठा त्यानं सुतळीला लावला आणि पंजा पसरून करंगळी रेघेकडं नेली. करंगळी रेघेच्या कडेवर टेकली. हात त्यानं तसाच ठेवला, मला दिसेल असा.

"वीतभर गेलीय," तो म्हणाला.

मी सुतळीचं टोक दाबून धरून उभा होतो.

त्यानं तळव्यानं मधली फक्की पुसून टाकली, डबा घेतला आणि सुतळीवर एक बोट ठेवून, त्या बोटाच्या आधारानं, ती रेघ पुन्हा मारायला सुरुवात केली. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही.

"सोड आता," तो म्हणाला. "झालं."